जुने की नवे? आधी शून्य पाहा!



जून महिना आला की पुस्तकांच्या बाजारात दोन गर्दी दिसतात. एक नव्या पुस्तकांच्या दुकानापुढे आणि दुसरी जुन्या पुस्तकांच्या गाड्यापुढे. मी शाळेची सर्व वर्षे दुसऱ्या गर्दीत उभा राहिलो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पुस्तक जुने झाले म्हणून त्यातील न्यूटनचा नियम जुना होत नाही. एखादे पान फाटलेले असेल तर ते गाड्यापाशीच दिसते आणि त्याप्रमाणे किंमत कमी करून मागता येते.

पुढे कॉलेजात असताना मी जुनी सायकल घेतली. तेव्हा मात्र पुस्तकाइतके सोपे काम नव्हते. रंग कसा आहे हे दिसत होते, पण ब्रेक उतारावर लागतात की नाही हे उतारावर गेल्याशिवाय कळणार नव्हते. तरीही मी सायकल घेतली. ब्रेक लागला नाही तर पाय टेकता येतो, असा माझा हिशेब होता.

आता मी तुम्हांला तिसरी वस्तू सांगतो. समुद्रात २० मीटर खोलीवर ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र! तिथे पाय टेकायला जमीन असली तरी तिचा काही उपयोग नाही. मग असे यंत्र जुने घ्यावे काय?

हा प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारला. तो मालवणचा. वडील रापणीवर मासेमारी करतात. पदवी घेतल्यावर त्याने स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण घेतले आणि आता तो पर्यटकांना समुद्राखाली नेऊन प्रवाळ व मासे दाखवतो. वरच्या दर्जाचा मार्गदर्शक व्हायचे तर टाकी सोडून बाकीचा संच स्वतःचा असावा, अशी बहुतेक केंद्रांची अपेक्षा असते. नवा संच घ्यायला त्याच्याजवळ पुरेसे पैसे नव्हते. इतक्यात गोव्यातील एकाने आपला व्यवसाय आवरायला काढला आणि दोन टाक्यांसह सगळे सामान ६० हजार रुपयांना देऊ केले. ही रक्कम म्हणजे या मुलाची दोन हंगामांची शिल्लक होती. सामान पाहण्यासाठी चार दिवसांच्या बोलीवर त्याच्या घरी आले होते. त्याने फोनवर विचारले, "सर, सामान बरा आसा. घेव काय?"

पगारदार माणसाला अशा वेळी सल्ला देणे फार सोपे असते. "बाबा रे, जिवाशी खेळ नको, नवेच घे," असे म्हटले की आपण मोकळे! पण ज्याच्याजवळ नवे घ्यायला पैसे नाहीत त्याला हा सल्ला म्हणजे 'हा व्यवसाय तुझ्यासाठी नाही' असे सांगण्यासारखे आहे. शिवाय तो सल्ला शास्त्रीय दृष्ट्याही बरोबर नाही. का ते सांगतो. पण त्याआधी मला स्वतःच्या एका फजितीची गोष्ट सांगितली पाहिजे.

एका प्राध्यापकाची फजिती

वयाच्या चाळिशीत मला पाण्याखाली जाण्याचा नाद लागला. शिक्षण पूर्ण झाल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांकडून मी एक जुना दाबमापक स्वस्तात विकत घेतला. टाकीत किती हवा उरली आहे हे दाखवणारे हे घड्याळासारखे साधन. काच स्वच्छ, पितळी भाग लखलखीत. मी खूश होतो.

पुढच्याच डुबकीच्या वेळी किनाऱ्यावर तो भरलेल्या टाकीला जोडला. काटा २३० बारवर गेला. टाकी साधारण २०० बारपर्यंत भरतात. (१ बार म्हणजे जवळजवळ आपल्या वातावरणाच्या दाबाइतका दाब.) मला वाटले, आज हवा जरा जास्तच मिळाली! आम्ही १२ मीटर खोलीवर गेलो. काटा ५० वर आला की वर निघायचे असे ठरले होते. काटा ५० वर आला, मी खूण केली आणि आम्ही परत फिरलो. एक-दोन मिनिटे झाली असतील नसतील, तोच श्वास जड होऊ लागला. बंद बाटलीतून हवा ओढावी तसे वाटू लागले. काटा मात्र शांतपणे ४० दाखवत होता.

माझ्या शिक्षकांनी आपली जादा श्वासनळी माझ्या तोंडात दिली म्हणून आम्ही दोघे सावकाश, श्वास सोडत सोडत वर आलो. होडीत आल्यावर त्यांनी काही न बोलता दाबमापक टाकीपासून सोडवला आणि माझ्यापुढे धरला. कशालाही न जोडलेल्या त्या दाबमापकाचा काटा ३० वर उभा होता!

म्हणजे ५० वजा ३०, खरी हवा फक्त २० बार. टाकीचे आकारमान सुमारे ११ लिटर. तेव्हा २० गुणिले ११, म्हणजे २२० लिटर हवा. यंत्र चालायला टाकीत १२ बारच्या आसपास दाब तरी शिल्लक लागतो. मग वापरता येण्याजोगी हवा उरली ८ गुणिले ११, म्हणजे ८८ लिटर. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले तर १२ मीटरवर, जिथे दाब २.२ बार असतो, ४४ लिटर लागते. ८८ भागिले ४४ बरोबर २ मिनिटे. गणित अगदी बरोबर जमले होते. फक्त ते मी होडीत बसून केले, पाण्यात उतरण्यापूर्वी केले नाही.

मित्रांनो, मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात व्हर्नियर कॅलिपर्स शिकवतो. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो, "मोजण्यापूर्वी शून्यत्रुटी पाहा." आणि जिथे जिवाचा प्रश्न होता तिथे मीच शून्य पाहिले नाही. दोष जुन्या दाबमापकाचा होताच, पण त्याहून मोठा दोष माझा होता. ३० बारची त्रुटी मला आधी माहीत असती तर मी तो दाबमापक वापरलाच नसता आणि कोणताही प्रसंग ओढवला नसता.

यातून मी एक गोष्ट शिकलो. वस्तूत दोष असणे ही एक बाब आहे आणि तो दोष आपल्याला माहीत नसणे ही दुसरी. माणूस अडचणीत येतो तो दुसऱ्या बाबीमुळे.

मूळ आकारावर परत येते का?

तो काटा शून्यावर का येत नव्हता? अशा दाबमापकात बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने शोधलेली वाकडी, चपटी धातूची नळी असते. १८४९ साली त्याने तिचे एकस्व घेतले. आत दाब वाढला की ही नळी थोडी उलगडते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. दाब गेला की नळी पुन्हा मूळ आकारावर येते. हा स्थितिस्थापकतेचा गुण होय. पण ताण मर्यादेबाहेर गेला, किंवा साधनाला जोराचा आघात बसला, तर धातू पूर्णपणे मूळ आकारावर येत नाही. थोडा वाक कायमचा राहतो. माझ्या दाबमापकाच्या नळीत असा वाक राहिला होता.

एखादी वस्तू जुनी आहे म्हणजे काय, याचे पदार्थविज्ञानातील एक उत्तर इथे मिळते. वस्तूचे वय किती यापेक्षा ती ताण दिल्यावर मूळ आकारावर परत येते की नाही, हे महत्त्वाचे. धातू, रबर, स्प्रिंग, पडदा, सर्वांना हाच प्रश्न विचारायचा. हे सूत्र मनात धरून मी मालवणला गेलो आणि आम्ही दोघांनी त्याच्या घराच्या पडवीत सगळे सामान मांडले.

प्रत्येक वस्तूला आम्ही दोन प्रश्न विचारायचे ठरवले. पहिला प्रश्न: ही पाण्याखाली बिघडली तर काय होईल? दुसरा प्रश्न: तिचा दोष जमिनीवर असतानाच आपल्याला ओळखता येईल का?

सोप्या वस्तू

कमरेला बांधायची शिशाची वजने आधी बाजूला काढली. शिसे पाण्याच्या ११ पट जड असते आणि ते जुने झाल्याने हलके होत नाही. इथे नव्यासाठी जास्त पैसे देणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी! पट्ट्याचे बक्कल एका हाताने झटकन सुटते ना, तेवढे पाहिले.

पायात घालायचे फिन्स वाकवून सोडले. ते सरळ झाले. वाकवलेल्या जागी चिरा दिसल्या नाहीत. फिन्स पाण्यात तुटले तर पोहणे कष्टाचे होईल, पण श्वास बंद पडणार नाही. घेण्यासारखे.

मास्क मात्र गंमतशीर निघाला. काच कठीण केलेली होती, सिलिकोनची कड मऊ होती, सगळे उत्तम. पण पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढला तर मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. या मुलाच्या चेहऱ्यावरून तो प्रत्येक वेळी गळून पडला. त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीला तो जुळत नव्हता. इथे जुन्या-नव्याचा प्रश्नच नव्हता. कोरा करकरीत मास्कही असाच गळून पडला असता. नवी वस्तू आपोआप चांगली ठरत नाही, ती आपल्याला जुळावी लागते. मास्क परत ठेवला.

हवा भरायचे जाकीट तोंडाने गच्च फुगवून रात्रभर खुंटीला टांगले. सकाळी तसेच फुगलेले होते. त्याची हवा भरण्याची कळ दाबून सोडली की ताबडतोब परत येते का, हे टाकी जोडून वीस-पंचवीस वेळा पाहिले. ही कळ मिठाने अडकली तर जाकीट आपोआप फुगत जाते आणि पाणबुड्या बुचासारखा वर फेकला जातो. बॉईलचा नियम आठवा. १० मीटरवर दाब २ वातावरणे असतो, पृष्ठभागावर १. खाली छाती भरून घेतलेला श्वास कोंडून ठेवून कोणी वर आला तर फुप्फुसांतील हवा दुप्पट जागा मागेल. फुप्फुसे ती देऊ शकत नाहीत, ती फाटतात. म्हणून 'श्वास कधीही कोंडू नका' हा पाणबुड्यांचा पहिला नियम आहे आणि म्हणून एका छोट्याशा कळीला आम्ही इतका वेळ दिला.

दाबमापक मी हातात घेण्यापूर्वीच विद्यार्थ्याने तो सोडवून माझ्यापुढे धरला. काटा शून्यावर होता! माझी फजिती त्याला माहीत होती. पण एकट्या शून्यावर भागत नाही. केंद्रातील खात्रीचा दाबमापक शेजारी घेऊन २००, १०० आणि ५० या तिन्ही ठिकाणी तुलना केली. दोघांत फरक दिसला नाही.

खोली दाखवणारे मनगटी यंत्र होडीतून गाठी मारलेल्या दोरीने १० मीटर खाली सोडले. वर काढल्यावर त्याने कमाल खोली ९.९ दाखवली. पाणी स्वतःच अशा यंत्राची परीक्षा घेते, त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

श्वासाचे यंत्र

आता मुख्य वस्तू, रेग्युलेटर. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी हे यंत्र पाण्याखाली वापरण्याजोगे केले. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी वायूवर चालवण्यासाठी गान्याँने जी झडप तयार केली होती तिच्यातूनच ही कल्पना निघाली. मोटारीचे इंजिन ओढेल तेवढाच वायू देणारी झडप, माणूस ओढेल तेवढीच हवा का देणार नाही?

हे काम दोन पायऱ्यांत होते. पहिली पायरी टाकीतील २०० बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याहून सुमारे १० बार जास्त इतका करते. दुसरी पायरी तोंडापाशी असते. तीत एक पातळ रबरी पडदा असतो. आपण श्वास ओढला की पडदा आत येतो, तरफ दाबली जाते आणि झडप उघडते. पडद्याचा व्यास ६ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. आपण जेमतेम ३ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतके ओढतो. म्हणजे पडद्यावर ८५ ग्रॅम वजनाइतके बल पडते, एका मोठ्या लिंबाच्या वजनाएवढे! इतक्या नाजूक बलावर सारा कारभार चालतो. मिठाचा एखादा खडा, रबराला गेलेली एक चीर किंवा चपटी झालेली एक ओ-रिंग हा कारभार बिघडवू शकते.

पहिला प्रश्न: बिघडले तर? बहुतेक रेग्युलेटर अशा रीतीने बनवतात की बिघाड झाल्यास हवा बंद न पडता वाहत सुटावी. हा अभियंत्यांचा शहाणपणा. पण वाहत सुटलेली टाकीही थोड्याच वेळात रिकामी होते. दुसरा प्रश्न: दोष ओळखता येईल का? येईल, पण आपल्याला नाही. यंत्र उघडून, रबरी भाग बदलून, दाब मोजून देणारा प्रशिक्षित कारागीर हवा.

म्हणून आम्ही किंमत वेगळ्या पद्धतीने मांडली. समजा, नवा रेग्युलेटर ४० हजारांचा आहे आणि हा जुना १५ हजारांना मिळतो. बचत २५ हजारांची दिसते. पण त्यात दुरुस्ती, सुटे भाग आणि पाठवणी यांचे १० हजार मिळवा. खरी किंमत झाली २५ हजार आणि खरी बचत १५ हजार. सुटे भागच मिळत नसतील तर? मग त्याची किंमत शून्य, मग तो कितीही चकचकीत असो. या नमुन्याचे भाग मिळतात अशी खात्री करून घेतल्यावर आम्ही त्यावर 'दुरुस्तीनंतरच पाण्यात' अशी चिठ्ठी बांधली.

टाकी: जिथे मी नाही म्हणालो

उरल्या दोन टाक्या. ॲल्युमिनियमच्या, नव्याने रंगवलेल्या, पिवळ्याधमक. सगळ्या सामानात त्याच अधिक नव्या दिसत होत्या आणि मला सर्वांत जास्त शंका त्यांचीच आली.

भरलेल्या टाकीच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आतून २०० किलोग्रॅमहून अधिक भार असतो. अशी ११ लिटरची टाकी एकाएकी फुटली तर प्रसरण पावणारी हवा सुमारे ४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी करते. १ टन वजनाची मोटार ४० मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवायला एवढी ऊर्जा लागते. पुन्हा हे बहुधा पाण्यात घडत नाही, टाकी भरताना घडते. म्हणजे धोका हवा भरणाऱ्या गरीब कामगाराला. आपण स्वस्तात घेतलेल्या वस्तूचा धोका दुसऱ्याच्या माथी मारायचा, हे मला पटत नाही.

मग टाकीची परीक्षा कशी घेतात? ती पाण्याने भरून, पाण्याच्याच बंद पिंपात ठेवून, आत वापराच्या दाबाहून बराच जास्त दाब देतात. अमेरिकेत तो साधारणपणे ५/३ पट असतो. टाकी किंचित फुगते. किती फुगली ते पिंपातून बाहेर सरलेल्या पाण्यावरून मोजतात. दाब काढल्यावर ती मूळ आकारावर आली पाहिजे. एकूण फुगण्याच्या १० टक्क्यांहून अधिक फुगवटा कायम राहिला तर टाकी बाद. पाहा, तीच कसोटी! परत येते का?

इथे हुशार विद्यार्थी विचारील, की ही परीक्षा हवेऐवजी पाण्याने का? पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून त्याच टाकीत पाण्याची साठलेली ऊर्जा काही हजार ज्यूलच असते. परीक्षेत टाकी फुटलीच तर ती तडकते, बाँबसारखी उडत नाही.

अमेरिकेत ही परीक्षा दर ५ वर्षांनी करतात आणि आतील भिंतीची पाहणी दर वर्षी करण्याचा प्रघात आहे. परीक्षेची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते. आमच्या टाक्यांवर शेवटचा ठसा २०११ चा होता. त्यानंतर काहीच नाही. आणि तो नवा रंग? रंग चढवून भट्टीत भाजला असेल तर? सुमारे १७५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली ॲल्युमिनियमची टाकी बाद समजतात, कारण उष्णतेने मिश्रधातूचे बळ घटते. ते बाहेरून दिसत नाही. रंगाखाली खड्डे आणि गंजाचे डागही लपतात.

आणखी एक धडा परदेशातील आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत ६३५१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूपासून पुष्कळ टाक्या बनल्या. काही वर्षांनी त्यांतील काहींच्या मानेत, आट्यांपाशी, सतत ताणाखाली राहिल्याने बारीक तडे वाढत गेलेले आढळले आणि थोड्या टाक्या फुटल्याही. १९८८ नंतर तिथे हा मिश्रधातू सोडून ६०६१ वापरला जाऊ लागला. २००६ साली तेथील सरकारने जुन्या टाक्यांच्या मानेची विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तपासणी करण्याचा नियम केला. लक्षात घ्या, सरसकट 'जुन्या टाक्या फेका' असे कोणी म्हटले नाही. कोणत्या टाक्या, कुठे तडा जातो आणि तो कसा शोधायचा, एवढे ठरवले. विज्ञानाची रीत ही अशी.

आपल्याकडे दाबाखालील वायूच्या टाक्यांचे नियम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. मान्यताप्राप्त ठिकाणी परीक्षा झाल्याशिवाय टाकीत हवा भरू नये, हे साधे पथ्य आहे. परीक्षेचा, वाहतुकीचा खर्च आणि वर ती बाद होण्याची शक्यता, हे सारे धरता आम्ही टाक्या नाकारल्या. केंद्राच्या टाक्या वापरता येतात तर त्या घ्याव्याच कशाला?

भाड्याने घेतलेले सामान नवे असते काय?

'जिवाशी संबंध असलेली वस्तू जुनी घेऊच नये' असे म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. तुम्ही सहलीला मालवणला, गोव्याला किंवा अंदमानला गेलात आणि पाण्याखाली उतरलात, तर तोंडात काय घालता? शेकडो लोकांनी वापरलेला रेग्युलेटरच ना? एस.टी.ची गाडी, विमान, रुग्णालयातील प्राणवायूची टाकी, सगळे दुसऱ्यांनी वापरलेलेच असते. आपण त्यावर विश्वास ठेवतो तो ते नवे आहे म्हणून नव्हे, तर कोणीतरी ठराविक काळाने ते तपासते आणि वहीत लिहून ठेवते म्हणून. ज्या जुन्या वस्तूबरोबर अशी वही मिळते ती घ्यावी. वही नसेल तर तपासणीचा खर्च किमतीत धरावा. तपासणी शक्यच नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. माझे मत एवढेच आहे.

आणि नुकते शिकणाऱ्यांनी? त्यांनी पहिल्या वर्षी फक्त आपल्या चेहऱ्याला जुळणारा मास्क घ्यावा, बाकी भाड्याने वापरावे. आपल्याला काय हवे हेच ज्याला अजून माहीत नाही, त्याचे नव्यातही पैसे बुडतात आणि जुन्यातही.

शिक्षकमित्रांनाही एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तू, संख्या आणि किंमत यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: 'शून्यत्रुटी व तपासल्याची तारीख'. तानकाटे, दाबमापक, अमीटर, व्होल्टमीटर यांचे शून्य दर सहामाहीत विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्या. जुनी म्हणून अडगळीत टाकलेली कित्येक साधने उपयोगी ठरतील आणि नवी म्हणून विश्वासाने वापरलेली काही चुकीची निघतील.

एक चपटे कडे

व्यवहार कसा झाला ते सांगायचे राहिले. टाक्या आणि मास्क वगळून उरलेले सामान ३० हजारांत ठरले. रेग्युलेटर दुरुस्तीला गेला. महिन्याभराने तो परत आला तेव्हा कारागिराने काढून टाकलेले भाग एका पुडीत घालून पाठवले होते. पडद्याच्या कडेला नखाएवढी चीर होती. आणि एक ओ-रिंग होती, छेद पाहिला तर गोल असायला हवी ती चक्क चपटी! वर्षानुवर्षे दाबली गेल्यावर रबर मूळ आकारावर परत यायचे विसरले होते.

बाहेरून तो रेग्युलेटर आरशासारखा चकाकत होता, हे विसरू नका.

ते चपटे कडे विद्यार्थ्याने मला दिले. आता ते माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर असते. स्थितिस्थापकता शिकवताना मी ते वर्गात फिरवतो. तो स्वतः सध्या रोज पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरतो. उतरण्याआधी टाकी जोडायची, पण त्याही आधी दाबमापकाचा काटा कुठे उभा आहे ते पाहायचे, अशी त्याची सवय झाली आहे.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. एक नवे आणि एक वर्षभर वापरलेले रबर-बँड घ्या. दोघांची लांबी मोजा. प्रत्येकाला सारखेच वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी वजन काढून पुन्हा लांबी मोजा. कोणते मूळ लांबीवर आले आणि कोणते नाही? नवेच जिंकेल अशी पैज मात्र लावू नका. आणि हो, मोजण्यापूर्वी आपल्या पट्टीचे शून्य झिजलेले नाही ना, ते पाहायला विसरू नका!